एकच रचना, दोन पियानोवादक: तुलना कशी करायची

अख्खा सोनाटा (अनेक भागांची मोठी वाद्यरचना) दोघांकडून ऐकला, की 'हा भावपूर्ण, तो कोरडा' यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. म्हणून आठ ते सोळा बार (स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे तुकडे) निवडा, स्वरलिपी समोर ठेवा (आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात) आणि तेवढाच तुकडा दोघांचा आलटून पालटून चार-पाच वेळा ऐका. प्रत्येक वेळी एकच प्रश्न घ्या: लय, वरच्या आणि आतल्या सुरावटींचा तोल, पेडल, शांततेची लांबी. सगळं एकदम ऐकायला गेलात तर कान लयीवरच अडकतो, कारण तिच्यातला फरक सगळ्यात आधी जाणवतो.

एकूण वेळेवर विसंबू नका. पियानोवादक ग्लेन गूल्डचं बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चं १९५५चं ध्वनिमुद्रण सुमारे ३८ मिनिटांचं आहे, १९८१चं ५१ मिनिटांचं. पण १९५५मध्ये गाळलेल्या पुनरावृत्तींपैकी काही त्याने १९८१मध्ये वाजवल्या आहेत, त्यामुळे सगळा फरक लयीचा नाही. सुरुवातीचा आरिया, म्हणजे मूळ धून, मात्र दोन्हींत पुनरावृत्तीविना आहे. आधी दोन मिनिटांच्या आत, नंतर तीन मिनिटांहून जास्त. तुलना करायची तर इथे.

शूबर्टच्या बी फ्लॅट मेजर सोनाटाच्या (सूचीक्रमांक डी. ९६०) पहिल्या भागातही हेच घडतं. पियानोवादक रिख्तर सुरुवातीच्या खंडाची पुनरावृत्ती घेतो, ब्रेंडेल हा दुसरा वादक ती गाळतो. पुनरावृत्ती घेतली तर एरवी कुठेच न येणारे नऊ बार ऐकू येतात, आणि त्यांत एरवी कुजबुजणारी खर्जातली ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची झरझर आलटापालट) एकदम गरजते. म्हणजे हा निव्वळ वेळेचा प्रश्न नाही, वादकाने रचनेविषयी घेतलेला निर्णय आहे. वहीत तो वेगळा नोंदवा.

याच सोनाटाचे पहिले नऊ बार तुलनेसाठी फार उत्तम. आठव्या बारात डाव्या हाताला खालच्या जी फ्लॅटवर ती ट्रिल येते, अगदी हळू आवाजात. तिचे स्वर सुटे ऐकू येतात की नुसती थरथर जाणवते? तिच्यासाठी लय थांबते की चालू राहते? नंतरच्या शांततेत मनातल्या मनात ठोके मोजा. एक वादक तिथे श्वास घेतो, दुसरा काळच थांबवतो. हे नऊ बार नीट ऐकले की पुढचा सगळा भाग तो वादक कसा मांडणार याचा बराच अंदाज येतो.

लय मोजायची तर शोपॅनचा ई फ्लॅट मेजर नॉक्टर्न (ओपस ९, क्र. २) घ्या. ३४ बार, प्रत्येकात १२ क्वेव्हर (स्वरलिपीतलं छोटं कालमाप), म्हणजे एकूण ४०८. शोपॅनने मिनिटाला १३२ क्वेव्हरचा वेग दिला आहे, त्या हिशेबाने तुकडा तीन मिनिटं पाच सेकंदांत संपायला हवा. बहुतेक ध्वनिमुद्रणं चार मिनिटांपुढे जातात, म्हणजे सरासरी १०२च्याही खाली. पण सरासरीवरून रुबातो, म्हणजे भावासाठी लय किंचित ताणणं-आवळणं, कळत नाही. त्यासाठी 'सॉनिक व्हिज्युअलायझर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाणं चालू ठेवून ठोक्यागणिक कळ दाबा, लयीचा आलेख मिळतो. हाताची चूक धरून तीनदा करा. मग डाव्या हाताकडे लक्ष द्या: तो स्थिर राहून उजवा मागेपुढे होतो, की दोन्ही मिळून ताणले जातात? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वादकांत डावा हात उजव्याच्या किंचित आधी पडायचा, ती त्या काळची रीत होती. तिला चूक समजू नका.

आता वादकाचं नसलेलं बाजूला काढा. दोन्हींचा आवाज सारखा करा, कारण किंचित मोठं वाजणारं रेकॉर्डिंग नेहमी जास्त जिवंत वाटतं. जुन्या तबकडीवरून घेतलेलं रेकॉर्डिंग अर्धा सूर चढलेलं असेल, तर लयही सुमारे सहा टक्के वाढलेली असते. आधी सूर तपासा. 'लाइव्ह' या शिक्क्यावरही डोळे मिटून भरवसा नको. पियानोवादक होरोविट्झच्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या १९६५च्या पुनरागमनाच्या मैफलीच्या तबकडीत चुकलेल्या जागा दुरुस्त केल्या होत्या. मूळ वादन खूप नंतर बाहेर आलं.

मैफलीला जाण्याआधी निवडलेला तुकडा दोन ध्वनिमुद्रणांतून ऐकून ठेवा. डावीकडे बसलं तर हात दिसतात. पियानोचं झाकण श्रोत्यांच्या दिशेने उघडतं, त्यामुळे सूर मात्र प्रत्येक जागी वेगळा पोहोचतो. म्हणून वेगवेगळ्या जागांवरून ऐकलेल्या दोन मैफलींच्या तोलाची तुलना करू नका. घुमणाऱ्या सभागृहात जाणता वादक पेडल कमी करतो, वेगही आवरतो. ती त्याची कायमची शैली असेलच असं नाही. चुकलेले स्वर मोजू नका. वादन चालू असताना लिहू नका, मध्यंतरात तीनच गोष्टी लिहा. त्या मैफलीचं प्रक्षेपण मिळालं तर नोंदी झाल्यावरच ऐका, आणि सभागृहात वेगवान वाटलेली जागा आलेखावर पुन्हा मोजा.