ऑगस्टअखेरीस लेक मिशिगनवर सॅमनला जायचं असेल तर

सगळ्यात आधी तारीख ठरवा. बाकीचं सामान दोन दिवसांत जमतं. तारीख चुकली, तर बोट, कॅप्टन, हवा सगळं उत्तम असूनही हाती येणारा मासा खाण्याजोगा असेलच असं नाही. लेक मिशिगनमधला किंग सॅमन, म्हणजे चिनूक, साधारण तीन-चार वर्षं खोल, थंड पाण्यात वाढतो. मग ज्या नदीत जन्मला किंवा ज्या बंदरात पिल्लू म्हणून सोडला गेला, तिथेच अंडी घालायला परततो आणि त्यानंतर मरतो. ऑगस्टच्या मध्यापासून तो किनाऱ्याकडे सरकायला लागतो, सप्टेंबरात बंदराच्या तोंडाशी घुटमळतो आणि पाऊस होऊन नदीला पाणी आलं की आत शिरतो. या काळात त्याचं खाणं सुटतं. अंगातली चरबी गाभोळीत जिरते, चंदेरी कातडी तपकिरी-हिरवट पडते, मांस फिकट आणि भुसभुशीत होतं. म्हणून मी तरी ऑगस्टचा तिसरा आठवडा ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) एवढाच काळ धरते. मोठा मासाही मिळतो आणि तो अजून चंदेरी असतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात फोटो झकास येतो, पण जेवण होत नाही.

तारखेसाठी आपल्या लोकांना आणखी एक कॅलेंडर पाहावं लागतं. ऑगस्ट म्हणजे बहुतेक वर्षी श्रावण, आणि पाठोपाठ गणपती. भारतातून सासू-सासरे किंवा आई-बाबा आलेले असतात, त्यांना तळ्यावर न्यायची हौस असते आणि घरात मासा शिजत नसतो. हे सगळं बुकिंगच्या आधी बोलून घ्या. व्हॅक्यूम पॅक केलेला सॅमन डीप फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने नीट राहतो, त्यामुळे श्रावण पाळणाऱ्या घरालाही जाता येतं, फक्त फ्रीझरमध्ये जागा आधी करून ठेवायची. आपल्या कोकण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ देऊन हंगाम सुरू करतात. इथे त्याच दिवसांत हंगाम कळसाला पोचलेला असतो.

आता बंदर. शिकागोच्या मंडळींना विस्कॉन्सिनमधली रासीन आणि केनोशा जवळ पडतात, पण दक्षिणेकडचं हे पाणी खरं वसंतातल्या कोहोसाठी, म्हणजे सॅमनच्या दुसऱ्या जातीसाठी. उन्हाळा संपताना उत्तरेकडे जा: पोर्ट वॉशिंग्टन, शेबॉयगन, आणि लांब जायची तयारी असेल तर किवॉनी, अल्गोमा. मिलवॉकीहून शेबॉयगन तासाभरावर आहे. अल्गोमाला मात्र आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचा, कारण बोटी उजाडायच्या आत सुटतात.

कॅप्टनला फोन कराल तेव्हा दर शेवटी विचारा. आधी विचारा की गेल्या आठवड्यात मासा किती फूट पाण्यात होता आणि कोणता लागत होता. रोज पाण्यात असलेला माणूस याचं उत्तर न अडखळता देतो. मग विचारा: वारा वाढून ट्रिप रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत मिळते की फक्त तारीख बदलून मिळते, मासे साफ करून देणं भाड्यात धरलंय का, आणि बोटीवर संडास आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण घरच्या बायका आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर तोच सर्वांत महत्त्वाचा. बहुतेक चार्टर, म्हणजे कॅप्टनसह भाड्याने मिळणाऱ्या, बोटींवर कॅप्टनच्या परवान्यानुसार भाडं देणारी जास्तीत जास्त सहा माणसं चालतात. तटरक्षक दलाचा हा नियम आहे, 'एक छोटा मुलगा आहे, मांडीवर बसेल' असं म्हणून सातवा माणूस नेता येत नाही. काठ्या, रीळ, आमिषं, जाळं सगळं बोटीचंच असतं. मदतनिसाची टिप भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के धरतात, ती रोख घेऊन जा.

लायसन्स घरूनच काढा. विस्कॉन्सिनच्या पाण्यात सोळा वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला ते लागतं, आणि सॅमन किंवा त्याच्याच कुळातल्या ट्राउटसाठी ग्रेट लेक्सचा (लेक मिशिगनसह पाच मोठ्या तळ्यांचा) वेगळा स्टॅम्प, म्हणजे जोडपरवाना, लागतो. पाहुण्यांना सोपं पडतं ते दोन दिवसांचं ग्रेट लेक्स लायसन्स, कारण त्यात स्टॅम्प आलाच. ऑनलाइन मिळतं. पहाटे चारला धक्क्यावर उभं राहून फोनवर फॉर्म भरायची वेळ आणू नका.

ट्रिपच्या आदल्या तीन-चार दिवसांत वाऱ्यावर लक्ष ठेवा. या तळ्याला तळं म्हणायचं ते नावापुरतं. लांबी जवळजवळ 500 किलोमीटर, सर्वांत खोल जागा 281 मीटर. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून तरंगत राहतं आणि थंड पाणी खाली बसतं. सॅमनला दहा ते तेरा अंश सेल्सिअस पाणी आवडतं, म्हणून तो या दोन थरांच्या सांध्याच्या आसपास राहतो. विस्कॉन्सिनच्या बाजूला पश्चिम-नैऋत्य वारा दोन दिवस टिकला, तर वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं. काल पोहण्याजोगं असलेलं पाणी आज पाय टाकवत नाही इतकं गार होतं, आणि मासा धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर येतो. पूर्वेचा वारा लागला की उलट होतं: कोमट पाणी किनाऱ्याशी साचतं आणि बोटीला लांब, खोल जावं लागतं. हवामान खात्याचा किनाऱ्यालगतच्या पाण्याचा अंदाज वेगळा असतो, तोच वाचा. शहराच्या अंदाजात लाटा सांगत नाहीत. कॅप्टनने 'आज नाही' म्हटलं तर हुज्जत घालू नका.

इथल्या लाटा समुद्रासारख्या लांब नसतात. आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक येतात, म्हणून अलिबागच्या बोटीत कधी काही झालं नाही म्हणणाऱ्यालाही इथे मळमळतं. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. काहीजण ती आदल्या रात्री घेतात. निदान निघायच्या तासभर आधी तरी पोटात जायला हवी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आलेपाक खिशात असू द्या. रात्री तिखट-तेलकट जेवण नको, पण उपाशीही निघू नका, रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो. त्रास वाटला तर केबिनमध्ये आडवं होण्याऐवजी मागच्या बाजूला मोकळ्या हवेत उभं राहावं आणि क्षितिजाकडे पाहावं.

कपडे थरांचे घ्या. दुपारी गावात तीस अंश असतील, पण पहाटे पाण्यावर, चालत्या बोटीत, पातळ स्वेटर आणि वर वारा अडवणारं जॅकेट लागतंच. आणि पूर्ण लांबीची पँट, पायात मोजे. हे थंडीसाठी नाही, माश्यांसाठी. उन्हाळ्याच्या शेवटी जमिनीवरून वारा सुटला की घरमाशीसारखी दिसणारी चावरी माशी मैलोन् मैल आत पाण्यावर येते आणि नेमकी घोट्याला डसते. शॉर्ट्स घालून आलेली माणसं पाय आपटत दिवस काढतात. बुटांचे तळवे मऊ आणि फिक्या रंगाचे असावेत, काळ्या रबराचे डाग डेकवर पडतात. पोलराइज्ड गॉगल, दोरी असलेली टोपी, सनस्क्रीन. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट बोटीवर आहे का ते आधीच विचारून ठेवा, आणि ते त्यांनी अंगात घातलेलं असू दे.

डब्यात थालीपीठ, दशम्या, मेथीचे पराठे, काहीही चालेल, हाताने गुंडाळून खाता येईल असं. केळी मात्र नेऊ नका. बोटीवर केळं अपशकुनी ही इकडच्या नाविकांची जुनी समजूत आहे आणि कितीतरी कॅप्टन ती मनापासून पाळतात. ज्याच्या बोटीवर आपण जातोय त्याचा मान ठेवावा.

काठी कोण कोणत्या क्रमाने धरणार हे धक्क्यावरच ठरवा, मासा लागल्यावर ठरवायला वेळ नसतो. डाउनरिगर म्हणजे जाड तारेला टांगलेला चार-पाच किलोचा गोळा. गळाची दोरी त्याला चिमट्याने अडकवून हव्या त्या खोलीवर सोडतात, त्यामुळे काठी आधीपासूनच वाकलेली असते. मासा ओढतो तेव्हा दोरी चिमट्यातून सुटते आणि काठी क्षणभर ताठ सरळ होते, मग एकदम खाली झुकते. काठी सरळ झालेली दिसली की मदतनीस ओरडतो. ती हातात घ्या, टोक वर ठेवा, दोरी ढिली पडू देऊ नका. किंग असेल तर पहिल्याच झेपेत शंभर मीटर दोरी घेऊन जाईल. रीळ करकरत असताना गुंडाळायचा प्रयत्न करू नका, काठी धरून फक्त उभे राहा. तो थांबला की मग गुंडाळा. घाईने ओढलेला मासा जाळ्यापाशी सुटतो. अंधार असतानाचा पहिला तास सर्वांत मोलाचा. तेव्हा अंधारात चमकणारे स्पून (चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं) लावतात, त्यामुळे कॉफीचा थर्मास नंतर उघडा.

किती मासे घरी न्यायचे हेही आधीच ठरवा. याबद्दल मी आग्रही आहे. नियमाने माणशी दिवसाला सॅमन-ट्राउट मिळून पाच नेता येतात. सहा जणांचे तीस होतात, आणि एकेक किंग सहा-सात किलोचा असला तर तेवढा मासा कुठलंच कुटुंब खात नाही. 'जास्तीचे सोडून देऊ' हा उपाय या दिवसांत खरा नाही. थंड पाण्यातून वीस अंशांच्या वरच्या पाण्यात ओढून आणलेला, दमलेला मासा सोडला तरी बऱ्याचदा जगत नाही. पुरेसे झाले की कॅप्टनला गळ वर घ्यायला सांगा. त्याला वाईट वाटणार नाही.

या तळ्यात सॅमन मुळात नव्हताच. समुद्रातून कालव्यांवाटे शिरलेल्या लॅम्प्रीने (दुसऱ्या माशांना चिकटून रक्त शोषणारा, बामसारखा मासा) आणि बेसुमार मासेमारीने इथला मूळचा लेक ट्राउट 1950 च्या दशकापर्यंत संपवला. खाणारं कोणी उरलं नाही म्हणून अलवाइफ नावाचा छोटा मासा इतका माजला की त्याच्या मेलेल्या ढिगांनी किनारे भरले. तेव्हा मिशिगन राज्याने पॅसिफिककडचा कोहो 1966 मध्ये आणि चिनूक 1967 मध्ये इथे सोडला. अजूनही पिल्लं सोडली जातात, जरी आता पुष्कळसे किंग मिशिगनच्या नद्यांमध्ये आपोआप जन्मतात. म्हणूनच हाती आलेल्या माशाच्या पाठीवर, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला आहे का ते पाहा. कापलेला असेल तर तो सोडलेला मासा, आणि त्याच्या नाकात बारीक तारेची खूण असू शकते. मत्स्य खात्याला तशी डोकी हवी असतात. ती कुठे द्यायची हे कॅप्टनला ठाऊक असतं.

कूलर गाडीतच ठेवा, बोटीवर मोठी बर्फपेटी असते. पण कूलर लांबट हवा, आणि बर्फ बारीक फोडलेला. धक्क्यावर साफ झालेले तुकडे पिशवीत घालून बर्फात गाडा, वितळलेल्या पाण्यात तरंगू देऊ नका. जात ओळखून वेगळे ठेवा: किंगच्या हिरड्या काळ्या आणि ठिपके सगळ्या शेपटीभर, कोहोच्या हिरड्या फिक्या आणि ठिपके शेपटीच्या वरच्या भागात, लेक ट्राउटची शेपटी खोल दुभंगलेली आणि ठिपके गडद अंगावर फिके. खायला मला कोहो आणि रेनबो ट्राउट सर्वांत आवडतात.

वेगळे ठेवायचं कारण चवीपुरतं नाही. या तळ्यात पूर्वीच्या कारखान्यांतलं पीसीबी हे विषारी रसायन अजून आहे आणि ते माशाच्या चरबीत साठतं. मासा जितका मोठा आणि जुना, तितकं जास्त. राज्याच्या पत्रकात कोणता मासा किती दिवसांनी खावा ते जातीप्रमाणे दिलेलं असतं, ते वाचा, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर. कातडी काढा, पोटाकडची पट्टी, पाठीवरची चरबी आणि कुशीतली तपकिरी रेघ काढून टाका. आणि कालवण करू नका. मला स्वतःला कालवणच आवडतं, पण त्यात चरबी रश्श्यात उतरते आणि आपण ती ओरपतो. आगळ, हळद, तिखट, मीठ आणि आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवा, आणि जाळीवर भाजा म्हणजे चरबी खाली गळून जाईल. आगळाचा आंबटपणा सॅमनला बांगड्याइतकाच मानवतो. उरलेले तुकडे एका जेवणाला पुरतील अशा बेताने पॅक करा आणि प्रत्येक पिशवीवर जात आणि तारीख लिहा, कारण गोठल्यावर कोहो कुठला आणि किंग कुठला हे सांगता येत नाही.