सावडीत शिरायचंय? मग आधी चीक घाटायला या

होळी झाली की दरवर्षी कुणीतरी विचारतं, "तुमच्या वाळवणाच्या ग्रुपमध्ये आम्हाला घ्याल का?" घेऊ की. पण तो ग्रुप नव्हे, सावड आहे, आणि ती मेसेज टाकून मिळत नाही.

शब्द शेतातला आहे. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, मध्ये पैसा नाही. इर्जिक वेगळी. इर्जिकीला सगळे मिळून एकाचं काम उरकतात, तो जेवू घालतो आणि विषय संपतो. सावडीत मात्र हिशेब असतो. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. गावाकडून शहरात आलेल्या बायकांनी हीच रीत वाळवणासाठी गच्चीवर आणली. आमच्या इमारतीत नऊ घरांची सावड आहे आणि मी तिच्यात अकरा उन्हाळे कुरडयांचा चीक घाटतोय, म्हणजे भिजवलेल्या गव्हाचं सत्त्व ढवळत शिजवतोय. हो, मी पुरुष आहे. त्यावर हसायचं तेवढं सगळ्यांचं हसून झालंय.

शिरण्याची रीत

"मला शिकायचंय" म्हणून वही घेऊन येऊ नका. ऐन उन्हाच्या धांदलीत शिकवायला कुणी मोकळं नसतं. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला गच्चीवर या आणि जे हातात पडेल ते करा. पाणी वर आणा, कागद अंथरा, कावळे हाका. दुसऱ्याच्या घरचे तीन दिवस भरल्याशिवाय स्वतःच्या कुरडयांचं नाव काढू नका. नव्या घराची पाळी सगळ्यांत शेवटी लागते, म्हणजे वैशाखात, वळिवाचे ढग जमायला लागल्यावर. त्यात धोका आहे आणि तो नव्यानंच घ्यायचा असतो.

तुम्हाला काय येतं ते आधी सांगू नका, काम करता करता ते आपोआप कळतं. आमच्याकडच्या एका खानदेशी ताईंनी चौथ्या दिवशी सहज विचारलं, "बिबडे नाही करत का तुम्ही?" पुढच्या वर्षीपासून ज्वारीचे पापडासारखे बिबडे आमच्या यादीत आले. तळमजल्यावरच्या आजोबांना विळ्यांना धार लावता येते. ते कुरडईला हात लावत नाहीत, पण त्यांच्या घरच्या कुरडयांना सावडीचे हात बरोबर पोचतात.

सोसायटीचे चिटणीस गच्ची वापरण्यावरून कुरकुरले तर त्यांना एवढंच सांगा: 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्याचं पुढे लिज्जत झालं. आम्ही तर विकतही नाही.

चिकापर्यंतचं काम

सोपं आहे. लोकवन गहू निवडून भिजवा. मंगळवारी संध्याकाळी भिजवले तर शुक्रवारी संध्याकाळी वाटा. रोज पाणी बदला, कडक उन्हाळा असेल तर दोनदा. थोडा आंबूस वास यायलाच हवा, घाण वास मात्र नको. वाटून, पाणी घालून, पातळ फडक्यातून दोनदा गाळा आणि रात्रभर हलवू नका. चोथ्याच्या भुसवड्या होतात, तो टाकू नका.

"एका रात्रीत गहू भिजवून झटपट कुरडई" असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि विसरून जा. तीन दिवसांत गव्हाचा चिवटपणा मोडतो आणि सत्त्व सुटं होतं. एका रात्रीच्या गव्हातून गढूळ, ओढल्यासारखा चीक निघतो आणि तळली की कुरडई फुलत नाही.

चीक घाटणं

खरं काम इथे आहे आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात.

पहिला वाईट सल्ला मापाचा. "चिकाच्या बरोबरीनं पाणी" हे सगळे सांगतात. पण चीक कधी मोजायचा, हे कुणी सांगत नाही. रात्रभरात सत्त्व तळाला घट्ट बसतं आणि वर पिवळसर निवळी येते. ती पूर्ण ओता. सत्त्वावर पिवळट साय दिसली तर तीही चमच्यानं खरवडा. मग तळाचं सत्त्व हातानं मोडून सारखं करा आणि तेव्हा मोजा. वर निवळी ठेवूनच मोजलंत तर दुप्पट पाणी पडतं. मग सोऱ्यातून पडलेल्या कुरडईच्या तारा एकमेकींत मिसळून नुसत्या थापट्या होतात.

मीठ आधणात घाला आणि जिभेला वाटतं त्यापेक्षा कमी घाला. पाणी उन्हात उडून जातं, मीठ मागे राहतं.

दुसरा वाईट सल्ला म्हणजे "एकटीनंही होतं हो!" होत नाही. माझ्या पहिल्या वर्षी, मनगटात जोर आहे म्हणून, एका काकूंनी त्यांचा तीन किलो गव्हाचा चीक माझ्या हवाली केला आणि त्या चहा ठेवायला खाली गेल्या. आधण उकळलं. मी डाव्या हातानं चीक ओतला, उजव्या हातानं चाटू फिरवला. पातेलं पातळ बुडाचं ॲल्युमिनियमचं. अर्ध्या मिनिटात त्यात लिंबाएवढ्या गाठी झाल्या. उकळत्या पाण्याला लागताच चिकाची बाहेरची बाजू लगेच शिजून आवळते आणि आतला चीक कच्चाच अडकतो. त्या गाठी मोडायला मी थांबून दाबत बसलो, तेवढ्यात खालून चीक करपला. काकू काही बोलल्या नाहीत. त्या सगळ्या कुरडयांना वर्षभर धुराचा वास येत होता आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला कावळे हाकायला बसवलं.

म्हणून माझे नियम ऐका. पातेलं जाड बुडाचं आणि चिकाच्या मानानं मोठं. एका वेळी दीड किलो गव्हाच्या वर चीक घ्यायचा नाही, मग भले दोनदा घाटावं लागो. वैरणारं, म्हणजे आधणात चीक सोडणारं माणूस वेगळं, घाटणारं वेगळं. वैरण्याआधी चीक तळापासून ढवळून घ्यायचा, कारण तो दोन मिनिटांत पुन्हा खाली बसतो. आधणाला उकळी आली की गॅस बारीक करायचा आणि चीक बोटाएवढ्या धारेनं सोडायचा. घाटणाऱ्यानं "थांब" म्हटलं की धार थांबली पाहिजे. इथे घरातलं थोरलेपण चालत नाही. आमच्याकडे एकदा सासूबाई वैरत होत्या आणि सूनबाई घाटत होती, तिला "थांबा" म्हणायचा संकोच झाला. गाठी झाल्या. तेव्हापासून सासू-सुनेची जोडी आम्ही चुलीपाशी लावत नाही.

चाटू गोल फिरवायचा नाही, तळ खरवडत आडवा-उभा चालवायचा. पाच-सात मिनिटांत तो जड होतो, खांदा भरून येतो. नवे लोक नेमके इथेच "झालं" म्हणतात. झालेलं नसतं. दुधासारखा पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली पाहिजे. चाटूवरून पडणाऱ्या चिकात एकही पांढरी रेघ दिसता कामा नये. मग खाली तवा सरकवून, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं वाफ द्या, उघडून पुन्हा घाटा, पुन्हा वाफ द्या. ओलं बोट लावलं आणि ते कोरडं निघालं की उतरवा. अर्धा कच्चा चीक सोऱ्यातून छान पडतो, म्हणूनच फसवतो. वाळल्यावर कुरडई खडूसारखी पांढरी दिसते आणि डब्यातच तिचा भुगा होतो.

गाठी झाल्याच तर? चाळणीतून घासा, पुन्हा पाणी घाला, असं बरंच सांगतात. मी सगळं करून बघितलंय. गाठ सोऱ्याच्या चकतीत अडकते, दाबणाऱ्याचा तळहात सोलवटतो, आणि एकदा तर आमच्या सोऱ्याचा दांडाच वाकला. गाठींचा चीक तूप-साखर घालून न्याहारीला खा. तसाही पहिला वाडगा गच्चीवरच्या पोरांचाच असतो.

पुढचं

चीक गरम असतानाच कुरडया घाला. गार झाला की तार तुटते. त्यामुळे एक भरतो, दोघं दाबतात, एक पातेलं झाकून धरतो. सावड का लागते हे इथे न सांगता कळतं. नऊच्या आत शेवटची कुरडई पडली पाहिजे. पहिल्या दिवशी संध्याकाळी अलगद उलटा, मग दोन दिवस खणखणीत ऊन. डब्यात टाकताना काचेच्या बांगड्यांसारखा आवाज आला की वाळली.

ज्याचा गहू, त्याचाच गॅस आणि त्याचाच चहा. मदतीला आलेल्यांना कुरडया वाटू नका, पद्धत बिघडते. त्यांना त्यांचा दिवस परत द्या. कुणाचे किती दिवस झाले, ते आम्ही पाण्याच्या टाकीवर कोळशानं रेघा मारून ठेवतो. पावसानं त्या धुतल्या जायच्या आत फेडायचं असतं.

आणि सोऱ्या उसना नेला असेल तर लगेच धुऊन द्या. चकतीत वाळलेला चीक टाचणीनं एकेका भोकातून काढावा लागतो आणि ते काम दरवर्षी माझ्याकडे येतं.