ऑटो होल्ड वापरताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडवर गायमुख घाटात गाड्या तुंबल्या होत्या. शेजारचे काका त्यांची नवी ऑटोमॅटिक चालवत होते, मी बाजूच्या सीटवर. ऑटो होल्ड म्हणजे गाडी थांबल्यावर पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय. "ऑटो होल्ड लावलंय, आता पायाला आराम," म्हणत त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी सावकाश मागे सरकायला लागली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. काकांनी पुन्हा ब्रेक मारला म्हणून निभावलं.

"अरे, बटण तर दाबलंय!"

बटण दाबलेलंच होतं. पण समोर ‘ऑटो होल्ड’ ही अक्षरं पांढरी दिसत होती, हिरवी नव्हती. या सोयीबाबतच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. बटण दाबल्याने यंत्रणा फक्त तयारीत राहते. गाडी पूर्ण थांबली आणि ब्रेक पुरेसा दाबला गेला, की मगच ईएससीचं (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) युनिट आपले व्हॉल्व्ह बंद करून तुमच्या पायाने तयार झालेला दाब चाकांच्या ब्रेकमध्ये कोंडून ठेवतं. काकांनी गर्दीत सवयीप्रमाणे ब्रेक नुसता टेकवला होता, म्हणून होल्ड लागलंच नव्हतं. गाडी थांबली की पेडल आणखी थोडं दाबा, दिवा बदललेला बघा आणि मगच पाय उचला.

आता रंगांचा गोंधळ. ह्युंदाई, किया यांच्याकडे पांढरा म्हणजे तयारी, हिरवा म्हणजे ब्रेक लागलेला आणि पिवळा म्हणजे बिघाड. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र तयारीचा दिवा हिरवा असतो आणि ब्रेक धरला की पिवळा लागतो! म्हणजे एका गाडीत ज्या रंगावर पाय उचलायचा, त्याच रंगावर दुसऱ्या गाडीत उचलायचा नाही. घरात दोन कंपन्यांच्या गाड्या असतील किंवा मित्राची गाडी हातात घेत असाल, तर मॅन्युअलमधलं हे एक पान तरी वाचाच.

बटण दाबूनही काहीच दिसत नसेल तर आधी सीटबेल्ट बघा, मग ड्रायव्हरचं दार. काही गाड्या बॉनेट नीट बंद आहे का हेही तपासतात. बेल्टचा आवाज बंद व्हावा म्हणून खाचेत नुसती क्लिप अडकवणारे लोक आहेत. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या, तरी त्या अजून गाड्यांत दिसतात. बेल्ट सुटला म्हणजे ड्रायव्हर उठतोय, असं समजून बऱ्याच गाड्या आपणहून हँडब्रेक लावतात. क्लिप अडकवलेली असेल तर गाडीला ते कळणारच नाही.

यातूनच सगळ्यात घातक चूक होते, ती म्हणजे होल्डवर गाडी सोडून उतरणं. गेट उघडायचंय, डबा द्यायचाय, "दोन मिनिटांत आलो." होल्ड म्हणजे हँडब्रेक नव्हे. तो कोंडलेल्या दाबावर चालतो आणि गाडी अजून डी मध्येच, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्येच असते. मागच्या सीटवरची पिशवी ओढताना ॲक्सिलरेटरला नुसता स्पर्श झाला तरी ती सुटते. म्हणूनच बऱ्याच कंपन्या जास्त वेळ होल्ड राहिला तर आपोआप इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक लावतात, टोयोटा साधारण 3 मिनिटांनी, ह्युंदाई आणि होंडा 10 मिनिटांनी. त्या भरवशावर राहू नका. उतरायचं तर गिअर पी (पार्किंग) मध्ये, हँडब्रेक लावलेला आणि इंजिन बंद. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर पी नसतो, तिथे हँडब्रेकला पर्याय नाही.

हिल होल्ड आणि ऑटो होल्ड यांचीही सर्रास गल्लत होते. चढावर पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत जी दोन-तीन सेकंद गाडी धरली जाते, ते हिल होल्ड. त्याला बटण लागत नाही आणि वेळ संपली की ते सोडून देतं. जिच्यात फक्त हिल होल्ड आहे अशा गाडीत, बोरघाटातल्या कोंडीत पाय काढून बसलात तर गाडी मागे येणारच.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बटण बंद ठेवा. इंच-इंच गाडी सरकवताना प्रत्येक थांब्यावर होल्ड लागतो, मग सुटायला ॲक्सिलरेटर द्यावा लागतो आणि गाडी झटक्याने पुढे जाते. समोर खांब असेल तर पुढचं सांगायला नको. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला होल्ड चालतच नाही, त्यामुळे मागे घेताना पाय नेहमीसारखा ब्रेकवर हवा. धुलाई केंद्रात गाडी न्यूट्रलमध्ये ढकलायची असेल किंवा टो करायची असेल, तेव्हाही तो बंदच असावा.

चालू होल्ड बंद करतानाही ब्रेक दाबलेलाच हवा. नुसतं बटण दाबलं तर बऱ्याच गाड्या आधी ब्रेक दाबा म्हणतात, आणि लोकांना वाटतं बटण बिघडलं. सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर जोरात देऊ नका, अंगठ्याने दाबल्यासारखा हलकेच दिला तरी होल्ड सुटतो. आणि रोज सकाळी बटण पुन्हा दाबावं लागतं म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन करू नका, कित्येक गाड्यांची रचनाच तशी आहे.

बिघाडाचा दिवा खरंच लागला आणि सोबत ईएससी किंवा हँडब्रेकचेही दिवे पेटले, तर 12 व्होल्टची बॅटरी आधी तपासून घ्या. ती अशक्त झाली की हे सगळे दिवे एकदम लागू शकतात. मागचे ब्रेकपॅड नुकतेच बदलले असतील तर मात्र वेगळी शंका घ्या. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत त्यासाठी कॅलिपरची (ब्रेकपॅड दाबून धरणाऱ्या भागाची) मोटर आधी सर्व्हिस मोडमध्ये मागे घ्यावी लागते. नाक्यावरचा मेकॅनिक जुन्या पद्धतीने पिस्टन शिकंज्यात धरून दाबत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. मोटर गेली तर पॅडच्या कितीतरी पट खर्च येतो.