ब्रायटनचा किनारा एकोणिसाव्या शतकातला समजून कसा पाहावा

लंडनहून आगगाडीने सुमारे तासाभरात ब्रायटनला पोहोचलेले बहुतेक पाहुणे स्टेशनातून थेट पाण्याकडे निघतात. तसे न करता आधी रॉयल पॅव्हेलियन हा राजवाडा पाहावा. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज युवराज असल्यापासून येथे येत असे, आणि १८१५ ते १८२२ या काळात वास्तुकार जॉन नॅशने त्याच्या वाड्यावर हिंदुस्थानी धाटणीचे घुमट चढवले. राजामागोमाग उमराव आले, आणि समुद्रस्नानाचे गाव मिरवण्याचे गाव झाले.

तेथून किंग्ज रोडवर येऊन पश्चिमेकडे चालावे. समुद्राइतकेच लक्ष जुन्या घरांच्या दर्शनी भागाकडे द्यावे. त्यांच्या खिडक्या गोलाई देऊन पुढे काढलेल्या असतात. सपाट खिडकीतून समोरचेच दिसते. या खिडकीत बसले, की रस्ता दोन्ही बाजूंना दूरवर दिसतो, म्हणजे कोणाची बग्गी कोणाच्या दाराशी थांबली हेही कळते. वाटेत क्वीन्स हॉटेल लागेल. त्या जागी पाटण्याच्या शेख दीन महंमदाचे वाफेच्या स्नानाचे आणि मालिशीचे स्नानगृह होते. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोघांनीही त्याला नेमणूक दिली होती. साहेबाच्या देशात चंपीला असा राजाश्रय मिळाला!

शक्य असल्यास ही फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. १८४१ मध्ये लंडनची रेल्वे आली आणि उन्हाळ्यात एका दिवसाच्या सहलीला येणाऱ्या सामान्य लोकांची गर्दी वाढली, तेव्हा श्रीमंतांनी गाव सोडले नाही, आपला हंगाम शरद ऋतूकडे सरकवला. व्हिक्टोरिया राणीला मात्र ही वर्दळ मानवली नाही. १८५० मध्ये पॅव्हेलियन नगराला विकले गेले.

पुढे पाण्यात दिसणारा लोखंडी सांगाडा १८६६ च्या वेस्ट पियरचा, म्हणजे फिरण्यासाठी समुद्रात बांधलेल्या धक्क्याचा आहे. सुरुवातीला तेथे चालणे, हवा खाणे आणि दिसणे एवढेच काम होते, आणि तेवढ्यासाठीही पैसे मोजावे लागत.

शेवटी शेजारच्या होव्हमधील ब्रन्सविक चौकात वळावे. येथे दर्शनी भागावर समाधान न मानता मागच्या गल्लीतले तबेले पाहावेत, कारण पुढचा थाट त्यांच्यावर आणि तळघरातल्या नोकरांवर चाले. १३ क्रमांकाच्या घराला त्याचे त्या काळचे रूप परत देण्याचे काम हाती घेतलेले आहे. ते रोज उघडे नसते, म्हणून वेळ आधी ठरवूनच जावे.