फोटोग्राफी क्लबची कार्यशाळा: या चुका टाळा

महिन्यातला एक रविवार, वाचनालयाचा किंवा शाळेचा हॉल, पंचवीस-तीस खुर्च्या आणि समोर प्रोजेक्टर. गावोगावचे बरेच फोटोग्राफी क्लब याच पद्धतीने चालतात. कार्यशाळा फसली की लोक वक्त्याला नावं ठेवतात. पण बिघाड बहुधा आदल्या आठवड्यातच झालेला असतो: विषय ठरवताना, फोटो मागवताना, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून दूरचा फ्लॅश उडवणारं उपकरण) मोजताना. आमच्या मते कार्यशाळेचं एकच माप आहे. तीन तासांत प्रत्येक सभासदाने स्वतःचा कॅमेरा किती मिनिटं वापरला? हा आकडा अर्ध्या तासाच्या खाली आला, तर कार्यक्रमाची आखणी चुकली असं समजा.

एका दुपारी सगळंच शिकवायला घेणं

अपर्चर (लेन्सचं छिद्र), शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) या तिन्हींवर मिळून दोन तासांचं व्याख्यान होतं. आकृत्या छान असतात, सगळे माना डोलावतात आणि घरी गेल्यावर कॅमेरा पुन्हा ऑटोवर जातो. एका बैठकीला एकच विषय घ्या. वीस मिनिटं बोला आणि मग माणसं कामाला लावा.

अपर्चर शिकवताना एक चूक हमखास होते. शिकवणारा स्वतःच्या एफ १.४ च्या लेन्सचे फोटो दाखवतो (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). समोरच्यांकडे असते कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स, जी ५५ वर एफ ५.६ च्या खाली उतरत नाही. ते घरी जाऊन खटपट करतात, मागचं काही धूसर होत नाही आणि आपला कॅमेराच हलका आहे असा समज करून घेतात. त्यापेक्षा किट लेन्सवर जमेल असाच प्रयोग द्या. लेन्स ५५ मिमीवर, अपर्चर एफ ५.६, वस्तू साधारण ७० सेंटिमीटरवर, आणि मागची भिंत किंवा झाड वस्तूच्या मागे निदान ३ मीटरवर. पार्श्वभूमी स्पष्टपणे विरघळते. मग कॅमेरा न हलवता एफ ११ आणि एफ २२ वर तोच फोटो घ्यायला सांगा. त्यानंतर वस्तू भिंतीला टेकवा आणि पुन्हा एफ ५.६ वर घ्या. धूसरपणा नाहीसा होतो. अंतराचा वाटा केवढा असतो, हे या चार फोटोंत कळतं.

शटरसाठी बहुतेक ठिकाणी छताचा पंखा निवडतात, आणि तिथे एलईडी दिवे गोंधळ घालतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण १/१००० सेकंदाच्या शटरवर फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे उमटतात. सायलेंट शटर चालू असेल तर ते आणखी ठळक होतात. नव्या सभासदाला वाटतं कॅमेरा बिघडला. दिव्यांखाली काम करायचंच असेल तर १/५० किंवा १/१०० वर राहा. शटरचा प्रयोग मात्र व्हरांड्यात, सावलीत करा: सायकल उलटी उभी करून चाक फिरवायचं आणि १/१५ ते १/१००० पर्यंत जायचं. १/१५ला आयएसओ १०० आणि एफ १६, तर १/१०००ला आयएसओ ८०० आणि एफ ५.६ च्या आसपास जमतं. भर उन्हात हा प्रयोग करू नका. तिथे १/१५ वर अपर्चर एफ २२ केलं तरी फोटो पांढराफटक येतो.

मोबाइलवाल्यांना याच गटात बसवणं ही त्यांच्यावर अन्याय करणारी चूक आहे. बहुतेक फोनचं अपर्चर बदलताच येत नाही, त्यामुळे अर्धी कार्यशाळा त्यांच्यासाठी वाया जाते. त्यांना वेगळं टेबल द्या आणि खिडकीचा प्रकाश, स्क्रीनवर दाबून धरून फोकस व एक्स्पोजर लॉक करणं, उजेड खाली-वर करणारी पट्टी एवढंच करून घ्या.

पडद्यावर फोटो उतरलेले दिसतात

सभासदाने घरी मनापासून तयार केलेला फोटो हॉलमध्ये फिका, पिवळट नाहीतर भडक दिसतो. कारणं ठरलेली आहेत.

फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने मागवले की ते दाबले जातात आणि बारीक तपशील जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा एक सामायिक फोल्डर द्या. फाइल जेपीईजी हवी आणि रंग एसआरजीबी (बहुतेक पडद्यांची रंगपद्धत) हवेत. अडोब आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत जतन केलेला फोटो रंगव्यवस्थापन नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मरगळलेला दिसतो. आयफोनवरून आलेली एचईआयसी फाइल जुन्या लॅपटॉपवर उघडतच नाही, आणि हे नेमकं कार्यक्रम सुरू झाल्यावर कळतं.

मोजमाप सांगताना ‘लांब बाजू १९२०’ एवढंच सांगू नका. उभा फोटो मग १९२० पिक्सेल उंच होतो आणि पडद्याच्या १०८० मध्ये मावत नाही. सॉफ्टवेअर तो आपल्या मर्जीने लहान करतं आणि धार जाते. ‘रुंदी जास्तीत जास्त १९२०, उंची जास्तीत जास्त १०८०’ असं लिहा. त्याआधी प्रोजेक्टरचं मूळ रेझोल्यूशन तपासा. भाड्याच्या प्रोजेक्टरवर ‘फुल एचडी सपोर्ट’ लिहिलेलं असतं, पण आतलं पॅनेल अनेकदा १०२४ बाय ७६८ किंवा १२८० बाय ८०० चं निघतं.

फाइलींना १, २, ३ असे क्रमांक दिले की काही ठिकाणी १ नंतर १० येतो. ०१, ०२ असे द्या.

प्रोजेक्टर अर्धा तास आधी चालू करून ठेवा, कारण दिव्याचा प्रकाश आणि रंग स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मोड ‘डायनॅमिक’ वा ‘प्रेझेंटेशन’वरून ‘सिनेमा’ किंवा ‘एसआरजीबी’वर आणा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सोळा पायऱ्यांची राखाडी पट्टी एकदा बनवून कायमची लॅपटॉपमध्ये ठेवा. तिच्या टोकाच्या दोन काळ्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या तर हॉलमध्ये उजेड जास्त आहे. पडदे ओढा, पुढच्या रांगेवरचे दिवे बंद करा. क्रीम रंगाच्या भिंतीवर फोटो दाखवू नका, सगळ्या चेहऱ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते. आणि चित्र तिरकं पडत असेल तर कीस्टोनचं बटण दाबत बसण्यापेक्षा प्रोजेक्टरखाली टेबल उंच करा. कीस्टोनने चित्र सरळ होतं, पण मऊ पडतं.

समीक्षेचं सत्र लांबतं, आणि माणसं दुखावतात

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. म्हणजे छायाचित्रकारांनी एकत्र येऊन शिकण्याची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. त्यातला सर्वांत मोलाचा भाग समीक्षा, आणि सर्वांत जास्त हेळसांडही तिचीच होते.

आधी गणित करा. वीस जणांनी प्रत्येकी पाच फोटो दिले तर शंभर फोटो होतात. दीड तासात प्रत्येक फोटोला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. बारा जणांचे प्रत्येकी दोन फोटो आणि प्रत्येक फोटोला चार मिनिटं म्हणजे ९६ मिनिटं. हेच जमतं. बाकीच्यांची पाळी पुढच्या महिन्यात, आणि ती यादीत नावं लिहून ठरवायची.

फोटो आला की पहिली दहा-पंधरा सेकंद कुणी बोलू नये. ज्याचा फोटो आहे त्याने शेवटी बोलावं. त्याने आधीच ‘पाऊस होता, घाई होती, लेन्स नवीन होती’ सांगितलं की सगळे फोटो सोडून परिस्थितीवर बोलू लागतात. नाव लपवून क्रमांकावर चर्चा केली तर ज्येष्ठांच्या फोटोवरही खरं मत येतं.

‘मस्त टिपलंय’ आणि ‘काही खास नाही’ ही दोन्ही मतं सारखीच निरुपयोगी. बोलणाऱ्याकडून तीन गोष्टी मागा: नजर आधी कुठे गेली, नंतर कुठे अडकली, आणि फोटो काढणारा त्या जागी काय वेगळं करू शकला असता. ‘डाव्या कोपऱ्यातली पांढरी पिशवी नजर ओढून घेते, दोन पावलं उजवीकडे सरकला असतात तर ती खांबाआड गेली असती.’ असं ऐकलं की पुढच्या वेळी माणूस खरंच दोन पावलं सरकतो. पहिल्यांदाच फोटो आणलेल्या सभासदाला सर्वांसमोर टाकून बोलणं तर अक्षम्य आहे. तो माणूस परत येत नाही, आणि क्लबला ते कळतही नाही.

फ्लॅशची कार्यशाळा: रांग आणि काळे फोटो

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. बारा जण, एक लाइट, एक ट्रिगर. तीन तासांतून अर्धा तास समजावण्यात गेला की उरतात १५० मिनिटं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा. बाकीचा वेळ चहा आणि गप्पा. तीन ठाणी करा: एकावर सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), दुसऱ्यावर उघडा फ्लॅश व पांढरा फोमबोर्ड, तिसऱ्यावर नुसती खिडकी. चार-चार जणांचे गट, प्रत्येक ठाण्यावर ४५ मिनिटं. गटात एकजण फोटो काढतो, दुसरा बोर्ड धरतो, तिसरा समोर बसतो, चौथा सेटिंग लिहून घेतो. बोर्ड धरणारा किती शिकतो, ते बघून आश्चर्य वाटेल.

सुरुवात सगळ्यांनी एकाच आकड्यांवर करावी: मॅन्युअल मोड, आयएसओ १००, १/१६०, एफ ८. उजेड कमी-जास्त करायचा तो फ्लॅशच्या ताकदीने. ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून साधारण एक मीटरवर ठेवा. गर्दी होते म्हणून तो तीन मीटर मागे नेला की सावल्या कडक होतात आणि सॉफ्टबॉक्स लावण्याचा अर्थच उरत नाही. शिवाय अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

फोटोत खाली किंवा बाजूला काळा पट्टा आला, तर शटर सिंक वेगाच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या कमाल वेगाच्या, पुढे गेलंय. शटरचा पडदा पूर्ण उघडा असतानाच फ्लॅश उडायला हवा. त्याहून वेगवान शटरला दुसरा पडदा आधीच निघालेला असतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते, पण स्वस्त ट्रिगर थोडा उशीर करतात. म्हणून १/१६०.

फ्लॅश उडतच नसेल तर या क्रमाने बघा. सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू आहे का? बहुतेक कॅमेरे त्यात फ्लॅश उडवत नाहीत. ट्रिगर हॉट शूमध्ये (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची खाच) शेवटपर्यंत सरकला आहे का? ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हींवर चॅनेल आणि ग्रुप सारखे आहेत का? सेल ताजे आहेत का? हे सगळं ठीक असूनही काही होत नसेल तर हॉट शूकडे नीट पाहा. कॅननच्या १५००डी, ३०००डी, २००डी मार्क टू या नवशिक्यांकडे सर्रास दिसणाऱ्या कॅमेऱ्यांत मधली गोल पिनच नाही, त्यामुळे साधा एका पिनचा ट्रिगर त्यांवर चालत नाही. त्यांना कॅननसाठी बनवलेला आणि त्या मॉडेलला चालणारा ट्रिगर लागतो. म्हणून नावनोंदणीच्या अर्जावरच कॅमेऱ्याचं मॉडेल विचारा.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर आणखी एक घोळ होतो. १/१६० आणि एफ ८ वर खोलीत स्क्रीन काळीकुट्ट दिसते, कारण कॅमेरा फ्लॅशविना फोटो कसा येईल ते दाखवत असतो. मेनूत जाऊन एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करा.

आणि दोन गटांचे ट्रिगर एकाच चॅनेलवर ठेवू नका. एकाने बटण दाबलं की दुसऱ्याचाही फ्लॅश उडतो, तो पुन्हा भरेपर्यंत दुसऱ्याचा फोटो काळा येतो, आणि अर्धा तास चूक शोधण्यात जातो.

मॉडेल बोलावणार असाल तर वेळ, कपडे, मानधन आणि फोटो कुठे वापरले जाणार हे आधी लेखी ठरवा. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती आणि उपस्थिती, दोन्ही हवं. पोज सुचवायची ती तोंडाने किंवा स्वतः करून दाखवून. हात लावायचा नाही.

फोटोवॉक

गटाने फिरत फोटो काढायला बोलावताना ‘सकाळी सात वाजता’ हे वर्षभर चालत नाही. नाशकात जानेवारीत सूर्योदयच सात वाजून गेल्यावर होतो, तर मे महिन्यात सहाच्या सुमारास, म्हणजे सातला मऊ ऊन संपत आलेलं असतं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीची वेळ द्या.

पंचवीस जणांचा घोळका एका गल्लीत शिरला की गल्लीचं रोजचं जगणं थांबतं आणि सगळ्यांना एकमेकांच्या पाठीच मिळतात. पाच-सहांचे गट करा, वेगवेगळ्या टोकांनी सोडा, भेटण्याची जागा आणि वेळ ठरवा. शनिवारवाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधी काढा.

रामकुंडावर नेत असाल तर निघण्यापूर्वी स्पष्ट सांगा: तिथे लोक अंघोळ करतात, अस्थी विसर्जन करतात. अंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत. दुःखात असलेल्या कुटुंबावर लांब लेन्स रोखायची नाही. बाकी कुणाचा जवळून फोटो हवा असेल तर आधी विचारायचं, ‘काका, एक फोटो काढू का?’ नाही म्हणाले तर कॅमेरा खाली.

पावसाळ्यात एसी गाडीतून किंवा खोलीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, ते पुन्हा येतं. बॅग न उघडता वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा. ओला कॅमेरा घरी आल्यावर तसाच बंद बॅगेत राहिला तर बुरशी पकडते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. थोडे पैसे वाचवायला आर्द्रतामापक टाळू नका.

फोटोवॉकचे फोटो ग्रुपवर लगेच टाकायला सांगितले की प्रत्येकजण चाळीस टाकतो आणि कुणी एकही बघत नाही. प्रत्येकाने आठवडाभरात तीनच निवडून द्यावेत, ०१-०२-०३ क्रमांक घालून, १९२० बाय १०८० च्या आत. तेच पुढच्या महिन्याच्या समीक्षेला लागतात.