वडोदऱ्याच्या गच्चीवरून रात्रीचं स्थलांतर ऐकायचं असेल तर

रात्री उडत जाणाऱ्या पक्ष्यांच्या हाका रेकॉर्ड करायच्या आहेत असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: अमेरिकेतले आकडे वाचून बसू नका. ऑरिन लिबी यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळच्या टेकडीवर बसून एका रात्रीत सुमारे ३,८०० हाका मोजल्या होत्या, तीही नुसत्या कानांनी. तिकडचे वॉर्बलर आणि थ्रश हे छोटे गाणारे पक्षी उडताना सतत बोलतात. आपल्याकडे येणारे बरेचसे वटवटे आणि माशीमार रात्री जवळजवळ मुक्यानेच जातात. त्यामुळे आठवडाभर रेकॉर्डर चालवून हाती दोन-चार हाका लागल्या, तर यंत्र बिघडलंय असं समजू नका.

पक्षी मात्र जात असतात. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात मध्य आशियातून पूर्व आफ्रिकेकडे निघालेले ठिपकेदार माशीमार, लाल पाठीचे खाटीक, युरोपियन रोलर कच्छ-गुजरातवरून पुढे जातात. थिरथिऱ्या, शंकर, धोबी इथेच हिवाळा काढतात. भोरड्यांचे प्रचंड थवे आणि पाकोळ्या मात्र दिवसा प्रवास करतात, त्यांना या यादीत शोधू नका. प्रत्यक्षात कानावर येतात ते धोब्यांचे आणि पिपिटांचे (धोब्यांचेच तपकिरी भाईबंद) तुटक चीत्कार, तुतवारांच्या शिट्ट्या आणि रातबगळ्याचा ‘क्वॉक’. गाणाऱ्या पक्ष्यांसाठी निघालात तरी पहिली ओळख बहुधा पाणपक्ष्यांशीच होईल. मला त्यात वाईट काही वाटत नाही.

सुरुवात स्थलांतर सुरू व्हायच्या आधी करा, श्रावणातच. तुमच्या गच्चीवरची नेहमीची रात्र पाठ झाल्याशिवाय पाहुणा ओळखता येत नाही. टिटवी रात्रभर ओरडते, पिंगळे भांडतात, कोकीळ अवेळी सुरू होतो, शहराच्या कडेला राहत असाल तर करवानकाची लांबलचक शिट्टी येते. सगळ्यात जास्त वैताग रातकिड्यांचा. पाऊस ओसरला की ते ४ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपास रात्रभर किरकिरतात आणि लहान पक्ष्यांच्या अनेक हाका नेमक्या त्याच भागात असतात. त्या मानाने नवरात्रातल्या गरब्याची भीती फाजील आहे. ढोलाचा दणका खालच्या पट्टीत राहतो, हाय-पास फिल्टरने (खालच्या पट्टीचे आवाज गाळणाऱ्या सोयीने) बराचसा जातो. फक्त रेकॉर्डिंगची पातळी आधीच खाली ठेवा. आवाज फाटला की तो कुठल्याच फिल्टरने सांधता येत नाही.

साहित्य फार लागत नाही. सुरुवातीला फोन चालतो. पुढे ऑडिओमॉथ हा आपोआप चालणारा रेकॉर्डर घ्या: छोटासा बोर्ड, तीन पेन्सिल सेल, एक मायक्रोएसडी कार्ड. ३२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे ३२ हजार नमुने) तासाला सुमारे २३० एमबी, म्हणजे अकरा तासांची रात्र अडीच जीबीत मावते. त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे. सेटिंग करताना हे विसरलात तर संध्याकाळच्या फाइली दुपारच्या वाटतील. माइक मोठ्या प्लास्टिकच्या कुंडीत आकाशाकडे तोंड करून ठेवा, आत फोम लावा, वरून स्वयंपाकघरातली पातळ फिल्म ताणून बसवा. कुंडीच्या भिंती रस्त्याचा गोंगाट बराच अडवतात. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, म्हणून फिल्म थोडी तिरकी हवी.

आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. आमच्या सोसायटीतल्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, आमचं बोलणं तर यात येत नाही ना?” रास्त प्रश्न होता. माणसांचा आवाज आलेला तुकडा पुसायचा, कुणाला ऐकवायचा नाही, हे मी त्यांच्यासमोरच ठरवलं.

सकाळी सगळं ऐकत बसू नका, बघा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) उघडला की हाक छोट्या रेघेसारखी किंवा उलट्या व्ही-सारखी दिसते. बऱ्याचशा हाका सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्याच असतात. आवाजावरून पक्षी ओळखणारं बर्डनेट हे सॉफ्टवेअर मदत करतं, पण ते तीन-तीन सेकंदांचे तुकडे तपासतं आणि त्याचं शिक्षण मुख्यतः दिवसाच्या आवाजांवर झालं आहे. रातकिड्याला ते बिनदिक्कत पक्ष्याचं नाव देतं. प्रत्येक तुकडा झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरच्या नमुन्यांशी ताडून पाहा, आणि जुळला नाही तर ‘अनोळखी पिपिट’ किंवा नुसतं ‘अनोळखी’ लिहा. माझ्या तक्त्यात अनोळखींचा रकाना सर्वांत लांब आहे. हाकांची संख्या म्हणजे पक्ष्यांची संख्या नव्हे, हेही तिथेच लिहून ठेवा. दिव्यांच्या झगमगाटात भांबावलेला एकच पक्षी घिरट्या घालत वीस वेळा ओरडू शकतो.

कोजागरीला गच्चीवर मसाला दूध असतंच, तेव्हा स्पॉटिंग स्कोपही (पक्षी पाहायची छोटी दुर्बीण) चंद्रावर लावा. चंद्रबिंबासमोरून जाणारे पक्षी मोजायची ही रीत जॉर्ज लोअरी यांनी अमेरिकेत १९४०च्या दशकापासून रुजवली. मुके प्रवासी रेकॉर्डरला सापडत नाहीत, ते इथे सावली होऊन सापडू शकतात. घरच्यांना पाळीपाळीने बसवा, एकट्याचे डोळे दमतात.

यावर नोकरी मिळते का, असं विचारतात. निव्वळ यावर नाही. पण महिनोन्‌महिन्यांचा आवाज साठवणं, नावं लावणं, यंत्राने दिलेली उत्तरं तपासणं हे काम वटवाघळं, बेडूक, जंगलातली ध्वनिनोंद, पवनचक्क्यांच्या जागांचं सर्वेक्षण असं सगळीकडे लागतं. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी एका हंगामाचा एकाच गच्चीवरचा डेटा पुरेसा विषय होतो. मात्र ज्या रात्री रेकॉर्डर चालला आणि काहीच मिळालं नाही, त्या रात्रीही तक्त्यात शून्य भरलेलं हवं. मार्गदर्शक आधी तेच रकाने तपासतात.