ट्रॉलीचे मागचे दिवे: कोणते घ्यावेत, कसे जोडावेत

‘रेडियम लावलंय की, दिवे कशाला?’ उसाचा हंगाम सुरू झाला की लातूर-बीडकडे हे दर चौथ्या ट्रॉलीवाल्याच्या तोंडी असतं. रेडियम दुसऱ्याच्या हेडलाइटवर चमकतं. वळण असेल, मागच्याचा एकच दिवा चालू असेल किंवा पट्टीवर काळ्या मातीचा चिखल बसला असेल, तर ते असून नसल्यासारखं. रेडियम लावाच, मागे लालच लावा, पण दिव्यांच्या जोडीला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर प्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे.

ट्रॉली गावातच बनवून घेतली असेल तर दिव्यांची निवड वेल्डिंगवाल्यावर सोडू नका. दुकानात दिवा हातात घेऊन काचेवर कोरलेलं वाचा. गोलात ‘ई’ आणि आकडा, किंवा मान्यतेचा ‘टीएसी’ क्रमांक हवा. ‘ई’वाल्या दिव्यावर ‘आर’ म्हणजे टेल (अंधारात मागे सतत पेटता राहणारा लाल दिवा), ‘एस१’ म्हणजे ब्रेक, ‘२ए’ म्हणजे मागचा इंडिकेटर. काहीच कोरलेलं नसेल तर तो कितीही स्वस्त असो, परत ठेवा. आणि त्या निळ्या-पांढऱ्या एलईडी पट्ट्या वरातीच्या गाडीला शोभतात. मागे लालच दिवा हवा. सूट आहे ती इंडिकेटर, रिव्हर्स आणि नंबर प्लेटच्या दिव्याला.

बल्ब १२ व्होल्ट २१/५ वॅटचा, दोन फिलामेंटचा घ्या. तालुक्याला कुठेही मिळतो. त्याच्या दोन पिना वरखाली असतात, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. दाबून उलटा बसवला तर टेल आणि ब्रेकची अदलाबदल होते. टेल-ब्रेकला सीलबंद एलईडी चालेल. इंडिकेटरला मात्र २१ वॅटचा बल्बच बरा, कारण जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) त्या लोडवर चालतो. एलईडी लावली की तो टकटकाट करत सुटतो. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकलं पाहिजे.

दिवे अगदी कडेला, लोखंडी पट्टीच्या आडोशाला आणि लोंबणारं उसाचं वाढं झाकणार नाही अशा उंचीवर बसवा. दोन ट्रॉल्या जोडत असाल तर दोन्हींना.

आता खरी डोकेदुखी: अर्थ, म्हणजे दिव्यातून करंट बॅटरीकडे परत यायची वाट. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, टेल लावला की ब्रेकचा उजेड मंदावतो. वर्कशॉपात सगळं झकास पेटतं आणि फाट्याच्या पुढे गेलं की विझतं. मिस्त्री म्हणतो बल्ब बदला, मग म्हणतो फ्लॅशर बदला. पैसे देऊ नका. या एका गोष्टीने मला जितकं छळलंय तितकं दुसऱ्या कशानेच नाही. दहापैकी नऊ वेळा दिव्यात दोष नसतोच.

होतं असं की करंट वायरने दिव्यापर्यंत जातो, पण परत येतो चॅसी, ड्रॉबार (ट्रॉलीचा पुढचा ओढायचा दांडा) आणि हुकच्या पिनेतून. त्या पिनेवर ग्रीस, गंज आणि रंग, वर ढिलाई. खड्ड्यात हुक उसळला की वाट तुटते. मग करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो आणि भलताच दिवा पेटतो. ‘बॉडी अर्थ आहे ना’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

प्रत्येक दिव्यापासून वेगळी अर्थ वायर, किमान अडीच स्क्वेअर एमएमची, थेट ट्रॅक्टरला जोडायच्या सात पिनच्या प्लगच्या तीन नंबरला न्या. एक डावा इंडिकेटर, चार उजवा, सहा ब्रेक, पाच उजवा टेल, सात डावा. रंगांवर विसंबू नका, आपल्याकडे हाताला येईल ती वायर ओढतात. पिनेचा आकडा पाहा. पिळा मारून टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळाही टिकत नाही, लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा. हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर बिजागरीपाशी वायरला ढील ठेवा, नाहीतर पहिल्याच डंपला तुटते.

तपासायचं असं: सगळे दिवे लावा, ब्रेक दाबून धरायला कुणाला तरी बसवा. मल्टिमीटरचं एक टोक होल्डरच्या अर्थला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. दोन-तीन व्होल्ट दाखवले तर कुठला तरी जोड खराब आहे. एकेक जोड पुढे सरकत मोजा, आकडा जिथे एकदम उतरेल तो जोड खोलून घासा.

ट्रॉली सोडल्यावर प्लग चिखलात लोंबकळत ठेवू नका. ड्रॉबारला एक खोटं सॉकेट वेल्ड करून घ्या आणि प्लग त्यात खोचा.